लाल फिती आणि बारा वाजताची घंटा

दुपारी बारा वाजता चर्चची घंटा व्हायची. चर्च आणि शाळा एकाच आवारात, मध्ये मैदान आणि एक जुनी चिंच. घंटा कानावर आली की बाई खडू खाली ठेवायच्या, अख्खा वर्ग उभा राहायचा, तीनदा ‘नमो मारिया’ व्हायचं आणि खाली बसलो की अर्धवट राहिलेलं समीकरण पुढे सुरू. माझ्या बाकावरची मैत्रीण भंडाऱ्यांची. तिला कुणी प्रार्थनेची सक्ती केली नव्हती, तरी ती हात जोडून उभी राहायची. एकदा मी विचारलं, तू मनात काय म्हणतेस गं? म्हणाली, “शुभंकरोती. मला तेच पाठ आहे.”

मी वसईची, सामवेदी ख्रिस्ती समाजातली. घरी आम्ही कादोडी ही आमची बोली बोलतो. वडील पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जायचे, परत येईपर्यंत आमची शाळा भरलेली असायची. शाळा फादर-सिस्टरांची, पण मराठी माध्यमाची. हे सांगितलं की बाहेरची माणसं अजून चकित होतात, कारण कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी असं डोक्यात पक्कं बसलेलं. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, शाळेची प्रार्थना मराठीत, फादरांचं रागावणंही मराठीत. वसईतल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एक धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असं विचारणारे निघाले. मला फार लागलं ते. त्या विचारणाऱ्यांना आमच्या वर्गात आणून बसवावं असं वाटलं.

आठवड्यातून दोन तास आम्हाला धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना नीतिशिक्षण. त्या वेळी वर्गाचे दोन भाग व्हायचे, आणि तास संपला की दोन्हीकडच्या मुली जिन्यात एकमेकींना विचारायच्या, तुम्हाला कुठली गोष्ट सांगितली? आमचा उपवासाचा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आम्ही सकाळच्या मिस्सेहून थेट शाळेत यायचो, कपाळावर राखेचा क्रूस. मैत्रीण म्हणाली, आमची आजी अंगारा लावते तसंच. मग डब्यांचंही तसंच जमलं. श्रावणात तिच्या डब्यात मासळी नसायची म्हणून मीही भाजी आणायचे, आणि उपवासाच्या काळात शुक्रवारी मी मटण-कोंबडी खात नसे तेव्हा ती माझ्यासाठी वालाचं बिरडं आणायची. कुणी शिकवलं नव्हतं हे.

८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस. त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, आणि रोज फुलं. वसईत फुलांना काय तोटा! केळीच्या पानात मोगरा, चाफा, तगर बांधून पोरं शाळेत यायची. दिवस गणपतीच्या आसपासचे, त्यामुळे मैत्रिणीची आई एकाच परडीतून निम्मी फुलं घरच्या देवाला ठेवायची आणि निम्मी तिच्याबरोबर पाठवायची. ओल्या गणवेशांचा आणि चाफ्याचा मिळून एक वास असायचा त्या दिवसांत वर्गाला. अजून कुठे चाफा दिसला की मला आधी तो वर्ग आठवतो.

पण सांगायचं आहे ते मराठीच्या बाईंबद्दल. त्या घाटावरच्या. आठवीत मी धडा वाचताना घरचा उच्चार तोंडातून निसटला आणि वर्ग हसला. मी रडायला लागले. बाई माझ्याजवळ आल्या, माझ्या वेणीची लाल फीत दोन बोटांत धरली आणि वर्गाला विचारलं, “ही काय आहे?” सगळे ओरडले, “फीत!” बाई म्हणाल्या, “हा शब्द पोर्तुगीज आहे.” मग फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेल्या: चावी, पगार, बटाटा, पाव, घमेलं, बादली. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती, ते आम्ही इतिहासात घोकलं होतं. ते असं आपल्या वेणीत बांधलेलं आहे हे त्या दिवशी कळलं. हसणाऱ्या मुलाला त्यांनी शिक्षा केली नाही. त्याला घरून पाच शब्द आणायला सांगितले, आणि मलाही.

माझी दहावी १९९१ ची. तेव्हा चार तुकड्या होत्या, चारही मराठी. आता मराठीची एकच उरली आहे आणि आमच्या घरातलीही मुलं तिथे नाहीत. भाऊ म्हणतो, पुढे कॉलेजात इंग्रजीच लागतं. त्याचं खोटं नाही, पण माझा भाचा आजीशी इंग्रजीत बोलतो आणि आजी नुसती हसून मान हलवते, ते मला बघवत नाही.

जूनपासून मी दर शनिवारी त्या एका तुकडीला वाचून दाखवायला जाते. सिस्टरांनी लगेच होकार दिला. वर्गात वारल्यांची मुलं आहेत, आगऱ्यांची आहेत, कामासाठी मराठवाड्यातून आलेल्या घरांतली आहेत. मागच्या शनिवारी मी घरून पाच-पाच शब्द आणायला सांगितले होते. काल पहिल्याच बाकावरच्या मुलीने वहीचं पान फाडून दिलं, तिच्या आजीचे अकरा शब्द. त्यातले सात मला माहीत नव्हते. मी ते फळ्यावर लिहायला घेतले, ती एकेकाचा अर्थ सांगत होती, आणि नवव्या शब्दावर बाराची घंटा झाली. मी खडू खाली ठेवला.