फ्रीझर कडक, खालचा कप्पा कोमट

मोटारहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, बसवलेला घरगुती फ्रीज गार करेनासा झाला की संशयितांची रांगच लागते: बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रीजमागची कोंदट पोकळी, उन्हात तापणारी भिंत, रस्त्यावरचे धक्के आणि सगळ्यात शेवटी खुद्द फ्रीज. घरात हाच फ्रीज सुखात असतो. भिंतीतून वीज येते, मागे मोकळी हवा असते, कोणी हलवत नाही. त्यामुळे दुरुस्तीवाल्याला फोन केला की तो घरातल्या फ्रीजचा विचार करतो आणि "गॅस गेला असेल" म्हणून मोकळा होतो. आम्हालाही हेच ऐकायला मिळालं.

तक्रार अशी होती की वरचा फ्रीझर उणे १७-१८ अंशांवर ठणठणीत, आणि खालच्या कप्प्यात ९-१० अंश. दूध नासायला लागलं. दारावरचा आकडा मात्र इमानदारीने ३ दाखवत होता. आमच्या फ्रीजवर तो आकडा म्हणजे आपण काय मागितलंय ते. प्रत्यक्षात काय मिळतंय ते नव्हे. म्हणून मी दोन साधे थर्मामीटर घेतले. एक मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवला आणि दुसरा फ्रीझरमध्ये दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये. नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं; पाण्याचं तसं होत नाही, आणि आपल्याला काळजी हवेची नसते, खाण्याची असते. खालच्या कप्प्यात ३ ते ४ अंश हवेत, ५ च्या वर गेलं की अन्न लवकर खराब व्हायला लागतं.

गॅसचा मुद्दा मला पहिल्यापासून पटत नव्हता. अशा फ्रीजमध्ये थंडावा तयार होतो तो एकाच ठिकाणी, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असलेल्या कॉइलवर, म्हणजे वेटोळ्या नळीवर. तिथला पंखा ती थंड हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि तिच्यातली थोडी एका झडपेतून खाली सोडतो. गॅस कमी झाला असता तर फ्रीझरही ढिला पडला असता. आमचा फ्रीझर तर दगड होता. म्हणजे थंडावा तयार होत होता, खाली पोचत नव्हता.

तरीही विजेची शंका फेडून घेतली, कारण ते सोपं असतं. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी सॉकेटवर व्होल्टेज किती पडतं ते पाहिलं. ठीक होतं. (इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल, म्हणजे त्याच्या विजेची लाट घरच्या विजेसारखी गुळगुळीत नसेल, तर साधा मल्टिमीटर व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि माणूस उगाच इन्व्हर्टर बदलतो; तिथे अशी लाटही बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटर लागतो.) इन्व्हर्टरचा सर्च मोडही बंद आहे ना, ते बघितलं. त्या मोडमध्ये तो वीज वाचवायला झोपतो आणि मोठा लोड आला तरच जागा होतो. फ्रीजचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड जेमतेम काही वॉट घेतं, तेवढ्याने त्याला जाग येत नाही, आणि अख्खी रात्र फ्रीज मेलेला राहतो. आमचा बंदच होता.

मग ऊन. फ्रीजच्या आत एक लेबल असतं, त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: एन म्हणजे भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. आमचा एसटी, आणि दुपारी मागच्या पोकळीत ४४ अंश. नवरा लगेच म्हणाला, "बघ, हेच असणार." त्याचं निम्मं बरोबर होतं. गरम हवा कपाटातच घुटमळत होती आणि दुपारी फ्रीज दमत होता यात वाद नाही. पण पहाटे बाहेर गारठा असतानाही ग्लासातलं पाणी ८ अंशांवरच होतं. नुसत्या उन्हाने ते कसं होईल?

खरा धागा मला जुने प्रवास आठवताना सापडला. प्रत्येक वेळी सुरुवातीचे काही दिवस फ्रीज उत्तम चालायचा, आणि प्रवास लांबला की खालचा कप्पा हळूहळू गरम व्हायचा. परत आलो की आम्ही फ्रीज बंद करून दार उघडं ठेवायचो, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. आपोआप बरा होणारा आणि आठवड्याभराने पुन्हा आजारी पडणारा फ्रीज म्हणजे जवळजवळ नक्की कॉइलवर बर्फ साचतोय आणि खाली जाणाऱ्या हवेची वाट अडवतोय. घरी फ्रीज वर्षभर चालू असल्याने हा दोष एकदा आला की टिकतो आणि लगेच पकडला जातो. मोटारहोममध्ये प्रत्येक मुक्कामानंतरची सुटी बर्फ वितळवून टाकते आणि पुरावाही धुऊन नेते. मग लोक ऊन, बॅटरी, चढ-उतार अशी कारणं शोधत बसतात.

हे पत्रा न उघडता तपासायची सोय मोटारहोममध्येच आहे, घरात नाही. बाकी सगळं बंद ठेवून बॅटरी मॉनिटरवर, म्हणजे बॅटरीतून किती वीज जातेय ते दाखवणाऱ्या यंत्रावर, फ्रीजचा लोड बघत राहिले. कॉम्प्रेसर चालू असताना शंभर-सव्वाशे वॉट, मग जवळपास शून्य, पुन्हा शंभर. कॉइलवरचा बर्फ वितळवायला फ्रीजमध्ये एक हीटर असतो, तो अधूनमधून आपोआप लागतो. तो लागला की मात्र आलेख एकदम चारशेच्या घरात जायला हवा आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथे राहायला हवा. दोन रात्री आणि मधला दिवस लोटला तरी ती उडी आली नाही.

आता उघडायचं. इथे एक धोका आहे. बाहेरून आलेली विजेची वायर उपटली की घरात वीज जाते. इथे इन्व्हर्टर त्याच क्षणी बॅटरीवरून वीज पुरवायला लागतो. फ्रीजचा प्लग फ्रीजच्याच मागे अडकलेला, हात पोचत नव्हता. म्हणून बाहेरची वायर काढली, इन्व्हर्टरही बंद केला आणि सॉकेटवर मीटर लावून खात्री केली. मगच स्क्रू.

पत्रा निघाला तर कॉइल दिसतच नव्हती, सगळा पांढरा ठोकळा. तो सगळीकडे सारखा होता. बर्फ एकाच टोकाला जमला असता तर गॅसची शंका धरावी लागली असती. सुरी-स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोकरायचा मोह होतो, पण ती नळी ॲल्युमिनियमची असते. एक भोक पडलं की गॅस खरंच जातो. दार उघडं टाकलं, खाली टॉवेल पसरले आणि वाट पाहिली.

हीटरच्या दोन टोकांमधला विद्युतरोध मोजला, मीटरने आकडा दाखवला, म्हणजे तार शाबूत. त्याच्या ओळीत एक छोटा बायमेटल थर्मोस्टॅट असतो, कॉइल गार असतानाच हीटरला वीज जाऊ देणारा. तो मोजला तर कंटिन्युइटी नाही, म्हणजे त्यातून वीज जातच नव्हती. फोनवरच्या माणसाने ऐकताच सांगितलं, "ताई, तोच गेलाय, बदलून टाका." पण तो भाग साध्या हवेत उघडाच असायला हवा! मी एका डब्यात बर्फ आणि मीठ कालवलं. हे मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. थर्मोस्टॅट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात खुपसला आणि मीटरची टोकं बाहेर धरून बसले. काही मिनिटांनी टक् असा बारीक आवाज आला आणि मीटर वाजायला लागला. थर्मोस्टॅट ठणठणीत होता.

राहिली ती वायर. तिचा माग काढत गेले तर हीटरकडे जाणारा पांढरा प्लग खाचेत होता खरा, पण कुलूप बसवणारी जिभली खाचेबाहेर. एका बाजूने तो अर्धा निसटलेला होता आणि एक पिन हिरवट झाली होती. गाडीच्या हादऱ्यांनी तो थोडाथोडा सरकत गेला असणार. पिना साफ करून दाबून बसवला, वर झिपटाय बांधली. नवा भाग एकही लागला नाही.

फ्रीज चालू करून २४ तास हात लावला नाही. बदल केल्यावर तेवढा वेळ जाण्याआधी घेतलेला आकडा काहीच सांगत नाही. ग्लासातलं पाणी ४ वर आलं. मॉनिटरवर ती उडीही दिसली, ३८० वॉटची, आणि आता दर प्रवासात मी तिच्यावर नजर ठेवते.

दुपारी पाणी अजून ६ पर्यंत चढतं. ते काम वेगळं, नवऱ्याच्या निम्म्या बरोबर असण्याचं. त्यासाठी फ्रीजच्या वरच्या फटीत फोमची पट्टी लावून गरम हवा पुन्हा खाली ओढली जाणार नाही असं केलंय, आणि पोकळीतली हवा बाहेर ढकलायला १२ व्होल्टचे दोन कॉम्प्युटरचे पंखे थर्मोस्टॅटवर बसवायचे आहेत. तोवर गाडी लावताना फ्रीजची बाजू सावलीत राहील असं बघतो.