पंख पाय

अमृतमहोत्सवाचे पत्र आले तेव्हा मी प्रयोगशाळेतून नुकतीच घरी परतले होते. पाकिटावरचा शाळेचा शिक्का पाहिला आणि हातातली पिशवी खाली ठेवायचेही भान राहिले नाही. शाळेबद्दल लिहा, असे पत्रात होते. लिहायला बसले, तर सरांशिवाय दुसरे काही सुचेना. विज्ञानाचे सर म्हटले की आपल्याकडे नाव सांगावे लागत नाही.

आठवीतला पावसाळा. माझ्या दोन्ही हातांवर लाल गांध्या उठल्या होत्या. वही तपासताना सरांना त्या दिसल्या.

"काय चावलं?"

"डास, सर."

"पाह्यला का?"

नव्हता पाहिला. "मग उद्या घेऊन ये."

आमची निजायची खोली गोठ्याला लागून होती. बैलाच्या औषधाची रिकामी बाटली मायने गरम पाण्याने धुऊन दिली. रात्री कंदील घेऊन भिंतीशी बसले. बऱ्याच वेळाने भेगेतून एक एवढासा किडा बाहेर आला. उडण्यापेक्षा तो टुणटुण उड्याच मारत होता. बाटलीचे तोंड त्याच्यावर अलगद टेकवले आणि खालून पोस्टकार्ड सरकवले.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्याने भिंग पुसले आणि माझ्या हातात दिले. "काहून वं, याले डास म्हनते का? पंख पाय." पाय म्हणजे पाहा.

डास बसला की पंख अंगावर मिटून घेतो. याचे पंख व्ही अक्षरासारखे पाठीवर उभे होते, अंगभर बारीक केस होते, आणि आकार डासाच्या निम्म्याहूनही लहान. सरांनी फळ्यावर लिहिले : वाळूमाशी. माझ्या वहीत लाल शाईने 'निरीक्षण' असा शब्द लिहून खाली तारीख टाकली. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

त्याच संध्याकाळी सर सायकलने आमच्या घरी आले. ही माशी भिंतीच्या भेगांत लपते, ओलसर मातीत अन् शेणात वाढते, हे त्यांनी बाबांना समजावून सांगितले. शेणाचा ढीग लांब नेला, भेगा बुजवल्या. शेवटची भेग बुजेपर्यंत सरांनी चहा घेतला नाही.

पुढे विषाणूंच्या अभ्यासात शिरले तेव्हा कळले, की या माशीशी आपल्या मुलखाचे जुने नाते आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला मिळाले. तो रेबीजच्या विषाणूच्या कुळातला, आणि वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यातली १८३ गेली. तपासात हाच विषाणू निघाला. त्या वर्षी विदर्भातलीही लेकरे दगावली. सकाळी ताप, मग झटके, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत सगळे संपलेले.

माझे काम प्रतिकारशक्तीचे. अनोळखी विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार करायला शरीराला आठवडाभर तरी लागतो, आणि हा आजार एक-दोन दिवसांचीही सवड देत नाही. ज्या भागात तो आहे तिथल्या मोठ्या माणसांच्या रक्तात पूर्वीच्या संसर्गाची प्रतिपिंडे बरेचदा सापडतात. लहानग्यांजवळ ती शिदोरी नसते. यावर अजून लस नाही, नेमके औषध नाही. म्हणून आजही आमच्या हाती भेगा बुजवणे, शेण दूर नेणे, फवारणी आणि मच्छरदाणी एवढेच आहे. सरांनी आमच्या घरी जे करून घेतले, त्यातले बरेचसे तेच.

२००३ मध्येच सरांना पत्र लिहायला हवे होते. लिहिले नाही. त्याची रुखरुख आहे.

मागे शाळेत येऊन गेले. कौलारू वर्गांच्या जागी स्लॅबची इमारत पाहून बरे वाटले. पण भिंग ठेवायचे ते लाकडी कपाट कुठे दिसले नाही, आणि कुठे गेले ते कुणाला सांगताही आले नाही. मला फार वाईट वाटले.

सर आता अमरावतीला मुलाकडे असतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि ते महोत्सवाला येणार आहेत, असे कळले. मी येताना वाळूमाशीची एक काचपट्टी आणि एक भिंग घेऊन येते आहे. पहिल्यांदा सरांनाच दाखवायची आहे.