राणी आणि अबोली

"गुलाबाच्या वाफ्यात कोणते रंग शेजारी लावू?" कुणी नवीन कलमं आणली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. आधी तुमचा गुलाबी कुठला ते बघा, राणी की अबोली. बाकीचं त्यावरून ठरतं.

राणी, किरमिजी, वांगी या रंगांच्या पोटात निळी छटा असते. अबोली, शेंदरी, केशरी यांच्या पोटात पिवळी. ही दोन घराणीच वेगळी. एका घराण्यातले रंग कसेही लावा, ते सुखानं नांदतात. दोन्हीकडचे खेटून लावले, की दोघांचंही रूप उतरतं.

मी स्वतः ही चूक केली आहे. राणी रंगाच्या, वर्षानुवर्षं भरभरून फुलणाऱ्या झाडाशेजारी मी 'सुपर स्टार' लावला. १९६० साली आलेला हा शेंदरी गुलाब मला अतिशय प्रिय. दोघं एकाच आठवड्यात फुलले आणि सकाळी वाफ्यासमोर उभी राहिले तर बघवेना. राणी रंग जांभळट, सुकल्यासारखा दिसत होता आणि सुपर स्टार नको इतका भडक. दोन्ही फुलं तोडून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली, तर दोन्ही देखणी!

हे असं का होतं, ते शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं शोधलं. पॅरिसच्या गोबलाँ या चित्रं विणलेले पडदे बनवणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथं तक्रार आली, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं तपासलं तर रंगाईत खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. शेजारचा रंग आपल्या डोळ्याला दुसऱ्या टोकाकडे ढकलतो, हे त्यानं १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. माझ्या वाफ्यात नेमकं हेच चाललं होतं.

गुलाबात ही दोन घराणी एकत्र आली ती अलीकडे. युरोपातल्या जुन्या बागांमधले गुलाब बहुतेक पांढरे, गुलाबी, किरमिजी, जांभळट. ते एकमेकांत सहज मिसळत. मग ल्यों शहरातल्या पेर्ने-दुशे यांनी वर्षानुवर्षं खटपट करून पर्शियन पिवळ्या गुलाबाचा संकर साधला आणि १९०० साली 'सोलेय दॉर' आणला. आजच्या गर्द पिवळ्या आणि केशरी गुलाबांत मोठ्या प्रमाणावर त्याचंच रक्त आहे. पानांवर काळे ठिपके पडण्याची खोडही बरीचशी तिकडूनच आली म्हणतात.

तेव्हा लावण्याआधी एक करा. ताजं फूल सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच्या पाकळीवर दुसऱ्याची पाकळी टेकवा. पण एकाच दिवशी बघून ठरवू नका. कळी, उमललेलं फूल आणि गळायला आलेलं फूल, तिन्ही बघा. गडद लाल गुलाब पहिल्या दिवशी केशरीशेजारी छान दिसतो आणि जुना होता होता जांभळा पडतो. 'मास्करेड' या गुलाबाचा तर एकच झुबका बघा: वरची कळी पिवळी, मधलं फूल गुलाबी, खालचं लाल. त्याच्याशेजारी मी फक्त हिरवं ठेवते. छाटणीनंतर येणारे तांबूस फुटवेही रंगात धरा; कित्येक दिवस वाफ्यात तेवढाच रंग असतो.

निळा मात्र गुलाबाकडून मागू नका. बऱ्याच निळ्या फुलांत असणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात निसर्गतः तयार होत नाही. 'निळा गुलाब' म्हणून ज्याची कलमं विकतात तो फिकट जांभळा असतो. निळा आणायचा तो कडेच्या झाडांतून. अबोली-केशरी गुलाबांपुढे निळा साल्विया लावा, दोघंही उजळतात. राणी गुलाबांपुढे लॅव्हेंडर आणि रुपेरी पानांची झुडपं. फक्त गुलाबाच्या बुंध्याभोवती वीत-दोन वीत जागा मोकळी ठेवा, हवा खेळली पाहिजे.

दोन भांडखोर रंगांच्या मध्ये पांढरा लावावा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. मला तो पटत नाही. शुभ्र पांढरा आधी डोळ्यात भरतो आणि वाफ्याला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. मोतिया चालेल, रुपेरी पानं त्याहून बरी. दोन्ही घराणी हवीच असतील तर बागा आखणाऱ्या इंग्रज बाई गर्ट्रूड जेकिल यांची रीत बघा. त्या मुळात चित्रकार. मन्स्टेड वूड या त्यांच्या घरच्या बागेतल्या सुमारे २०० फुटी वाफ्यात दोन्ही टोकांना राखाडी पानं आणि फिकट रंग असत, एका टोकाला निळे तर दुसऱ्याला जांभळट. तिथून पिवळा, केशरी करत मध्यावर लाल पेटे आणि पुन्हा तसाच निवत जाई. एवढी लांबी आपल्याकडे नसते, पण चार पावलांच्या वाफ्यातही चढ-उतार साधतो. एकेका जातीची तीन-तीन झाडं मात्र एकत्र लावा. सगळं एकेकच लावलं, की नुसते ठिपके दिसतात.

संध्याकाळी बागेत बसणार असाल तर बाकाजवळ गडद लाल नको. उजेड कमी झाला की सगळ्यात आधी लाल काळवंडतो, आणि फिकट रंग कितीतरी वेळ दिसत राहतात.

आणि झाडं आधीच लावून झाली असली तरी काही बिघडलेलं नाही. माझा सुपर स्टार मी दोन वर्षांनी हलवला. विश्रांतीच्या काळात छाटला, आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं आणि मुळांभोवतीच्या मातीचा गड्डा न फोडता उचलला. आता तो निळ्या साल्वियामागे आहे.