एक घाव, चार पाकळ्या

कागदात धातू बसवायचा म्हणजे मुळात थोडा आगाऊपणाच. कागद चिकटवता येतो, शिवता येतो, दुमडून खोचता येतो. तरीही हाताने टॅग, वह्या, अल्बम, शुभेच्छापत्रं करायचा नाद लागलेल्या माणसाला कधी ना कधी आयलेटचा मोह होतोच. करंगळीच्या नखाएवढीही नसलेली ती पितळी कडी भोकात बसली आणि तिच्यातून दोरा ओवला, की साध्या कार्डालाही भाव येतो. मग प्रश्न येतो, ती बसवायची कशाने? आणि इथे माणसं जेवढी गोंधळतात तेवढी कागदाचा रंग निवडतानाही गोंधळत नाहीत.

आयलेट नुसतं शोभेचं नाही, हे आधी सांगून टाकते. कागद ओढ बरीच सोसतो, पण त्याला भोक पाडलं की सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो. दोरा तिथे घासत राहतो आणि एक दिवस भोकापासून कडेपर्यंत चीर जाते. हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत डेनिसन नावाच्या गृहस्थांनी १८६३ मध्ये सामानाला बांधायच्या टॅगचं पेटंट घेतलं. त्यात नवं काय होतं, तर भोकाभोवती चिकटवलेली कागदाची जादा चकती. एवढ्याशा चकतीने टॅग टिकू लागला. आयलेट तेच काम धातूने करतं. जर्मनीत जुन्या कागदी ड्रायव्हिंग लायसन्सवर फोटो नुसता चिकटवून भागवत नसत, धातूच्या कड्यांनी पक्का करत. फोटो बदलायचा प्रयत्न केला तर तो उघडकीला यावा, हा हेतू. सोडवायला अवघड असणं हाच आयलेटचा गुण, आणि म्हणूनच ते पहिल्या खेपेला नीट बसायला हवं.

अवजार निवडताना लोक अवजाराकडे बघतात. मूठ कशी आहे, रंग कोणता, डब्यात काय काय येतं. माझं म्हणणं असं की बघायची ती आयलेटची मागची बाजू. पुढून सगळीच आयलेटं साजरी दिसतात. पुढची चपटी गोल किनार कारखान्यातूनच तशी येते, तिच्यात आपलं कर्तृत्व शून्य. आपण काय केलं ते मागे कळतं. किनारीखालची छोटी नळी भोकातून पलीकडे निघते आणि तिचं तोंड उमलून, बाहेर वळून, कागदावर बसायला हवं. चांगल्या अवजाराने ती वळते ती पातेल्याचा काठ वळवलेला असतो तशी, गोल, सलग. त्यावरून बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. वाईट अवजाराने किंवा उतावळ्या हाताने नळी चिरते, तिच्या चार-पाच पाकळ्या होतात आणि त्या वाकड्यातिकड्या पसरतात. ही पाकळी पुढच्या पानाला ओरखडे काढते, रेशमी दोऱ्याचे धागे ओढते आणि एखाद्या लहान मुलाच्या हातात तो टॅग गेला तर बोटही कापते. काही आयलेटं मुद्दाम चिरा पाडूनच बनवतात, त्यांच्या पाकळ्या सारख्या पसरतात आणि ठीक बसतात. पण ती गोष्ट वेगळी.

आता हातोडी. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुनी पद्धत. एक हातोडी, भोक पाडायचा पोकळ पंच, एक सेटर आणि खाली एक छोटी ऐरण. सेटर म्हणजे बोटभर लांबीची पोलादी सळई. तिचं टोक नीट निरखून बघावं. मधे एक निमुळता उंचवटा असतो आणि त्याच्याभोवती गोलसर खोबण. उंचवटा नळीत शिरून सेटरला मधोमध धरतो आणि खोबण नळीच्या काठाला बाहेर वळवते. स्वस्तातल्या काही सेटरना ही खोबणच नसते, नुसतं टोकदार तोंड असतं. ते नळी फाकवतं, वळवत नाही. पाकळ्यांचं मूळ बरेचदा इथे असतं, आणि दोष मात्र हाताला लागतो. ऐरणीला वर खळगा असतो, आयलेटची किनार त्यात बसते म्हणून चेपत नाही. रंगीत आयलेट असेल तर खळग्यात पातळ कापडाचा तुकडा घालावा, नाहीतर रंगाचे टवके उडतात. साध्या पितळेला ही नाटकं लागत नाहीत, हे माझं पितळेवरच्या प्रेमाचं एक कारण.

हातोडीवाले एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. भोक पाडणं आणि आयलेट बसवणं या दोन कामांना दोन वेगळे पृष्ठभाग लागतात. पंचाची धार कागद कापून खाली उतरते, तिथे तिला मऊ काहीतरी हवं, कापायची मॅट किंवा जाड पुठ्ठा. दगडावर किंवा लोखंडावर पंच मारला की धार गेली. बसवताना मात्र खाली कठीण, जड, न हलणारं काहीतरी हवं, कारण मऊ पृष्ठभाग अर्धा घाव स्वतःच गिळतो. टेबलाच्या मधोमध ठोकलं तर फळी लवते, ठोका वाया जातो आणि आपण चिडून आणखी जोरात मारतो. तेच काम टेबलाच्या पायाच्या बरोबर वर केलं तर निम्म्या जोरात होतं. आणि मारायचं तेही बेताने. पहिला हलका ठोका नळीचं तोंड उमलवायला, मग सेटर जरा फिरवून दुसरा, मग तिसरा. एक घाव दोन तुकडे हा बाणा दाखवायला आयलेट ही जागा नव्हे. तिथे एका घावात चार पाकळ्याच होतात.

हातोडीचा खरा दोष आवाज. हातकामाला सवड मिळते ती बहुधा रात्री, घरातली सगळी आवरासावर झाल्यावर. आणि ठक-ठक जमिनीतून खाली जाते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की हसून विचारायच्या, "काय गं, रात्री सुतारकाम काढलं होतंस का?" त्यात रागाचा लवलेश नव्हता, पण कागदाच्या कामाला सुतारकाम म्हटलेलं मला लागायचं. ठोकण्याऐवजी दाबून बसवणाऱ्या पकडीकडे मी वळले त्याचं निम्मं श्रेय त्या प्रश्नाला.

मधे एक स्प्रिंगचं अवजारही असतं. जाड पेनसारखं दिसतं, वरून दाबत गेलं की आतली स्प्रिंग आवळते आणि एका क्षणी सुटून आतूनच ठोका देते. लोखंडावर खूण करायला कारागीर जो आपोआप ठोकणारा सेंटर पंच वापरतात, त्याच तत्त्वावर चालतं. आवाज कमी आणि कागदाच्या मधोमधही चालतं, हे खरं. पण ठोका एकाच मापाचा. ताण कमीजास्त करायची सोय असली तरी तिचा पल्ला थोडा. मऊ अ‍ॅल्युमिनियमला छान, पोलादी आयलेटपुढे हात टेकतं. शिवाय ठोका कधी पडणार हे आधी कळत नाही, त्यामुळे मी दर वेळी दचकते. ज्या अवजाराने मालकच दचकतो ते माझ्या खणात फार दिवस राहत नाही.

पकड मात्र शहाणी. एका जबड्यात सेटर, दुसऱ्यात ऐरण, दोन्ही समोरासमोर पक्के. मूठ दाबली की नळी मुकाट्याने वळते. ठोकण्यात जे एका क्षणात घडतं ते दाबण्यात हळूहळू घडतं, आणि मधेच थांबून उलटून बघता येतं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. अर्धी वळली, थांबा, बघा, पुन्हा दाबा. क्रॉप-अ-डाइल नावाची पकड हातकाम करणाऱ्यांत फार चालते. ती १/८ आणि ३/१६ इंचाची भोकंही पाडते आणि आयलेटही बसवते. म्हणजे साधारण ३.२ आणि ४.८ मिलिमीटर. कागदकामातली बहुतेक आयलेटं याच दोन मापांत येतात, त्यामुळे तेवढ्यात भागतं.

पकड घेताना आपला हात किती मोठा आहे हे बघून घ्यावं. मूठ इतकी फाकणारी असेल की बोटं तिच्या टोकापर्यंत पोचतच नाहीत, तर सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो आणि दहा टॅगांनंतर मनगट बोलू लागतं. संधिवात असलेल्यांनी तर मूठ हातात धरून, दोनदा दाबून बघितल्याशिवाय पैसे काढूच नयेत. जबडे रिकामे मिटून उजेडासमोर धरावेत. सेटरचं टोक ऐरणीच्या खळग्यात बरोबर मधोमध उतरतंय ना? केसभर जरी बाजूला असेल तरी नळी एका अंगाला वळणार आणि दुसऱ्या अंगाला उभी राहणार. हा दोष सवयीने जात नाही, अवजाराबरोबर जन्मभर राहतो.

मापाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण अवजाराला जे शिव्याशाप बसतात त्यांतले बरेच खरे तर भोकाचे असतात. नळी भोकात अलगद, पण घट्ट बसली पाहिजे. भोक सैल असेल तर आयलेट तिरपं होतं आणि दाबताना एका बाजूला चेमटतं. भोक लहान असेल तर कागद भोवती फुगतो. दाभणाने टोचून भागवणारे आहेत, पण दाभण कागद काढून टाकत नाही, नुसता बाजूला सारतो. मागे तंतूंची कड उभी राहते आणि आयलेट तिच्यावर डुगडुगतं. पंच गोल चकती कापून बाहेर काढतो. पंचाच्या पोटात त्या चकत्या साचतात आणि मग भोक नीट पडेना झालं की लोक धार गेली म्हणतात. टाचणीने त्या उकरून काढल्या की धार परत येते.

नळीची लांबीही बघायची. कागदाच्या पलीकडे दीड-दोन मिलिमीटर नळी निघाली की वळायला पुरेशी. ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारं कार्ड साधारण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं जाड, तेव्हा एकेरी कार्डाला लांब नळी घातली तर जास्तीची नळी वळण्याऐवजी चुरगळते. मागून कार्डाची एक छोटी चकती घालावी, जाडी भरून निघते आणि भोकही बळकट होतं. उलट, पुठ्ठ्याच्या दोन थरांतून आखूड नळी पलीकडे डोकावतच नाही. तिथे कितीही दाबलं तरी पकड बिचारी काय करणार!

टेबलावर बसवायचं लिव्हरचं प्रेसही मिळतं. रोज शेकड्याने टॅग करणाऱ्याला त्याच्यासारखं सुख नाही. प्रत्येक मापाचे वेगळे साचे घ्यावे लागतात आणि ते धूड टेबलावरून हलत नाही. हौशी माणसाने त्या भानगडीत पडू नये.

पकडीची खरी मेख तिच्या जबड्याच्या खोलीत आहे. जबडा जेवढा खोल, तेवढंच ती कागदाच्या कडेपासून आत पोचते. मग खोल जबड्याचीच का करत नाहीत? कारण ती शेवटी तरफ आहे. मूठ बिजागरीपासून १२ सेंटिमीटरवर दाबली आणि आयलेट ३ सेंटिमीटरवर असलं, तर हाताचा जोर चौपट होऊन पोचतो. आयलेट ६ सेंटिमीटरवर गेलं की दुप्पटच. १५ सेंटिमीटर आत तोच चौपट जोर हवा असेल तर मूठ ६० सेंटिमीटर लांब लागेल, आणि अशी पकड घेऊन माणूस टॅग करताना कसा दिसेल याची कल्पना करावी. म्हणून खोलवर पोचणारी अवजारं पकडीचा आकारच सोडून देतात. क्रॉप-अ-डाइलचंच बिग बाइट नावाचं मोठं भावंड ६ इंच आत जातं. ते टेबलावर ठेवून वरचा दांडा दाबायचा. ६ इंच ऐकायला कमी वाटतं, पण स्क्रॅपबुकचं प्रचलित पान १२ इंचांचं चौरस असतं, म्हणजे कुठल्याही कडेने शिरलं तरी त्याचा मध्य गाठता येतो. ए-३ कागदाची रुंदी २९७ मिलिमीटर, तिचा मध्य १४८.५ वर आणि ६ इंच म्हणजे १५२. थोडक्यात का होईना, पण पोचतं.

हा हिशेब मी उगाच करत बसत नाही. छोटी पकड हाती आल्यापासून माझ्या कामात एक बदल झाला, आणि तो बहिणीने दाखवून दिला. तिने माझी कार्डं एका ओळीत मांडली आणि म्हणाली, "ताई, तुझी सगळी आयलेटं कोपऱ्यात का गं?" बघते तर खरंच. टॅगला वर, वहीला कडेला, कार्डाला कोपऱ्यात. मधोमध एकही नाही. पकड जिथे पोचते तिथेच मला आयलेट सुचायला लागलं होतं. मधल्या आयलेटवर फिरणारी चकती, झाकणाच्या मध्यातून निघणारा दोरा, असलं काही डोक्यात येणंच बंद झालं होतं.

मोठं अवजार घ्यावं असं त्यावर काही दिवस वाटत राहिलं. मग त्याला ठेवायला जागा शोधली आणि विचार सोडून दिला. आता मधे आयलेट हवं असेल तेव्हा हातोडी, सेटर आणि ऐरण काढते, कार्ड टेबलाच्या पायावर सरकवते आणि हलके तीन ठोके देते. मात्र भर दुपारी. बाकी नव्वद टक्के काम पकड करते, आणि कोपऱ्यातली आयलेटं मला अजूनही जास्त आवडतात.