आमची वाटचाल: वाइनच्या टाकीपासून बिअरच्या केटलपर्यंत

आमचा गाळा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. वडील, म्हणजे आमचे दादा, सातपूरच्या एका कारखान्यात टिग (आर्गन वायूच्या आडोशाने विजेच्या ठिणगीवर करायचं) वेल्डिंग करायचे. नोकरी सोडून त्यांनी डेअरीच्या टाक्या आणि दुधाच्या पाइपलाइनची कामं घ्यायला सुरुवात केली. जोड बाहेरून कितीही चकचकीत दिसू दे, दादा आधी आत हात घालून बोट फिरवायचे. बोट कुठे अडकलं तर जॉब पुन्हा टेबलावर. जिथे बोट अडकतं तिथे दूध अडकतं, आणि अडकलेलं दूध पुढच्या सगळ्या दुधाला नासवतं. आमचा सगळा धंदा त्या एका बोटावर उभा आहे, हे मी मनापासून म्हणतो.

2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकच्या आसपास वायनऱ्या वाढल्या. आम्हीही दुधाकडून वाइनच्या टाक्यांकडे वळलो. काम चांगलं, पण हंगामी. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात, म्हणजे टाक्या डिसेंबरपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत कारागिरांना पुरेल एवढं काम नसायचं. ती पोकळी केगने, म्हणजे बिअर भरायच्या स्टीलच्या पिंपाने, भरून काढली.

पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी, म्हणजे थोड्या प्रमाणात बिअर बनवणारा छोटा कारखाना, सुरू झाली, पुढे अशा मायक्रोब्रूअरी वाढत गेल्या. त्यातल्याच एका ठिकाणचे ब्रूअर (बिअर बनवणारे) आमच्याकडे आले. त्यांच्या प्लांटमध्ये एका वेळी शेकडो लिटर बिअर तयार होते; नवी रेसिपी थेट तिथे चढवायची म्हणजे फसली तर सगळा माल गटारात. त्यांना चाचणीसाठी छोटी केटल, म्हणजे बिअर उकळायचं भांडं, हवी होती आणि त्यांच्याकडे 50 लिटरचे काही निकामी केग पडून होते. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली. तिथल्या हौशी लोकांनी केगचं वरचं तोंड कापून केटल करायची पद्धत रुजवली. केगचं स्टील बहुतेक वेळा 304 ग्रेडचं, म्हणजे न गंजणारं स्टेनलेस, असतं, अंग दणकट असतं, खाली बसायला कडं आणि वर धरायला मुठी आयत्या मिळतात. नवं भांडं घडवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, घरी स्वतःपुरती बनवली तरी. म्हणून आम्ही ही केटल परवानाधारक ब्रूअरीलाच देतो. दुसरी अट केगच्या मालकीची. केग हा ब्रूअरीचा असतो, रिकामा झाला तरी तो तिच्याकडे परत जायचा असतो. भंगारातून आलेला, अंगावर दुसऱ्याचं नाव कोरलेला केग कागदाशिवाय आमच्या दारात उतरत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, आणि ती जाऊ दिली ते बरंच झालं.

आता कामाबद्दल. केगवर ग्राइंडर चालवण्याआधी आतला दाब पूर्ण सोडायचा, मग वरची रिंग काढून व्हॉल्व्हसकट आतली नळी बाहेर घ्यायची. दाब असताना रिंगला हात लावला तर ती नळी गोळीसारखी सुटते. हे काम आमच्याकडे नव्या पोराला देत नाहीत.

वरचं तोंड आम्ही साधारण 12 इंचाचं कापतो. काही जण छोटं मागतात, उष्णता वाचेल म्हणून. आम्ही नाही म्हणतो. माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पाणी उकळताना त्यातून डायमिथाइल सल्फाइड निघतं, त्याला शिजवलेल्या मक्यासारखा वास असतो. तो वाफेबरोबर बाहेर गेला पाहिजे. तोंड अरुंद असलं किंवा झाकण ठेवलं तर तो बिअरमध्येच राहतो. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून चाचणीला आलेल्या ब्रूअरना आम्ही उकळी जोरदार आणि थोडी जास्त वेळ ठेवायला सांगतो. आणि 50 लिटरच्या केगमध्ये 40 च्या वर भरू नका, हेही. पहिल्या उकळीला फेस असा उसळतो की सगळं बर्नरवर येतं.

खरी परीक्षा तळाजवळच्या नळाची. अर्ध्या इंची सॉकेट बाहेरून टिगने जोडताना आतल्या बाजूलाही आर्गन सोडावा लागतो. नाही सोडला तर तापलेलं स्टील हवेतला ऑक्सिजन ओढतं आणि आत काळी, दाणेदार पपडी येते. तिच्यात माल्टचा गोडवा धरून राहतो आणि गंजही तिथूनच सुरू होतो. गॅस जास्त लागतो, वेळ जातो, पण यात काटकसर करायची नाही, हे दादांचं सांगणं आजही पाळलं जातं. लोखंडावर वापरलेली डिस्क किंवा ब्रश स्टीलला लावायचा नाही, त्यासाठी वेगळं कपाट आहे. जोड झाल्यावर वेल्डचा काळेपणा काढणारी पिकलिंग पेस्ट, स्वच्छ पाणी, मग सायट्रिक ॲसिड. शेवटी केग पाण्याने भरून रात्रभर तसाच ठेवतो.

या नळाला आतून जोडलेल्या नळीचं तोंड मध्यावर ठेवायचं की भिंतीलगत, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. केगचा तळ खोलगट, मध्यावर नळी ठेवली तर शेवटचा थेंबही निघतो. पण उकळीनंतर पाणी गोल फिरवलं की हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ नेमका मध्यावर जमतो. माझं मत भिंतीलगतच्या बाजूने आहे. दोन लिटर मागे राहिले तरी चालतील, बिअर नितळ निघते.

आता वीजेवर चालणारी केटल मागणारे वाढलेत. गॅस सिलेंडरपेक्षा बंद खोलीत ती सोयीची. हीटरसाठी ट्राय-क्लॅम्पचं फेरूल (पकडीने आवळायचं कडं) जोडायला लागतं, ते जोडताना आत आर्गन कोंडून ठेवायला पितळी बूच आम्ही आमच्याच लेथवर काढलं. या पावसाळ्यात तेच काम हातात आहे. केग घेऊन येणाऱ्यांनी सोबत खरेदीचं बिल आणि परवान्याची प्रत आणावी.