पेन्सिलीचा गोल

मी कंपन्यांमध्ये व्यक्तिमत्त्व चाचण्या घेते. घेते म्हणजे प्रश्नपत्रिका वाटते, गोळा करते आणि मग एकेकाबरोबर पाऊण तास बसून निकाल समजावते. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. समोरचा खुर्चीत नीट टेकायच्या आत ‘मॅडम, मी काय निघालो?’ असं विचारणार, हे आता ठरलेलं. परवा एकानं ते विचारलं नाही. बॅगेतून एक लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्यापुढं सरकवला. खाली सही माझी होती. चोवीस वर्षांपूर्वीची, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायचे तेव्हाची.

“तुम्हीच दिला होतात,” तो म्हणाला. “आयएनटीपी. आज काय आलंय?”

आज ईएनटीजे आलं होतं. चारातली दोन अक्षरं पालटली होती.

ही चाचणी म्हणजे एमबीटीआय, मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगनं १९२१ मध्ये मांडलेल्या मानसिक प्रकारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी रचलेली. दोघींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, ही गोष्ट आमच्या प्रशिक्षणात जरा हळू आवाजात सांगतात. अंतर्मुख (आय) की बहिर्मुख (ई), अशा चार जोड्या. प्रत्येकीतून एक अक्षर. एकूण सोळा प्रकार. मी वापरायचे त्या आवृत्तीत ९३ प्रश्न आणि बहुतेकांना दोनच पर्याय. ‘कधी असं, कधी तसं’ लिहायची सोय नाही. सुरुवातीला मी सगळ्यांना गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवायला सांगते. साहेबाला काय आवडेल याचा विचार करून खुणा करू नयेत म्हणून. ओळखपत्र सगळे काढतात, पण साहेब काही डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं ते पुढचं. प्रत्येक अक्षराशेजारी एक ते तीसमधला एक आकडा छापलेला असतो. त्या बाजूला तुमचा कल किती स्पष्ट आहे, एवढंच तो सांगतो. पाचाच्या आत असेल तर समजायचं की माणूस उंबऱ्यावर उभा आहे, आज इकडं पाय पडला इतकंच. आणि उंबऱ्यावर उभे असणारे थोडेथोडके नसतात. गुण मांडून पाहिले तर बहुतेक माणसं मधल्या भागातच दाटीनं उभी असतात, आणि प्रकार पाडणारी रेघ नेमकी त्या दाटीतून जाते. म्हणून तर पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की निम्म्यापर्यंत लोकांचं एखादं तरी अक्षर बदललेलं निघतं. पाच आठवड्यांत कोणाचा स्वभाव बदलतो?

आकड्यांचा हा रकाना मी दर अहवालात घालते. दर वेळी एचआरमधलं कोणीतरी तो काढून टाकतं, कारण स्लाइडवर मावत नाही. नाव आणि चार अक्षरं, बस. ही चाचणी माणसं निवडायला किंवा गाळायला वापरू नये असं ती बनवणारेच बजावतात, तेही मी दर वेळी सांगते. माना डोलतात. मग कॉफीच्या वेळी कोणीतरी हळूच विचारतं, सेल्ससाठी कोणता टाइप घ्यावा?

निकाल दाखवण्याआधी मी कागद पालथा ठेवते आणि माणसाला आधी स्वतःबद्दल बोलू देते. कागद आणि माणूस यांचं जुळलं नाही तर माणसाचं खरं धरायचं, हा नियम मी पाळते. परवाही पाळला. तो म्हणाला, “अकरा वर्षं टीम सांभाळतोय. आमचे साहेब एकाएकी सोडून गेले, दुसरं कोणी नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडली. पहिले सहा महिने रोज रात्री छातीत धडधडायचं. आता नाही होत. आता बारीकसारीक गोष्टींची भीतीच वाटत नाही, मॅडम. हे कुठल्या अक्षरात येतं?”

कुठल्याच नाही. चिंता, घाबरेपणा, मनाची घालमेल यांना एमबीटीआयमध्ये खानाच नाही. ज्याला बिग फाइव्ह म्हणतात, स्वभावाचे पाच गुण मोजणारं, त्या मापनात आहे. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा बदल आमच्या कागदावर उमटलाच नव्हता.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलो. शेवटचं अक्षर पी होतं, म्हणजे ऐनवेळी जमेल तसं करणारा, आकडा ५. आता जे, म्हणजे आखून-ठरवून चालणारा, आकडा २३. ही उडी खरी, त्याबद्दल मला शंका नाही. तिशीपर्यंत स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्ये लिहून ठेवलं, आणि आमच्यातले कितीतरी जण ते अजून ऐकवतात. पण माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे ९२ अभ्यास २००६ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की शिस्त आणि भावनिक स्थैर्य वयाबरोबर वाढतं, आणि सगळ्यांत जास्त विशी ते चाळिशीत. त्याचं नेमकं तेच वय मधे गेलं होतं. बहिर्मुखतेचे तर त्यात दोन तुकडे पडतात. चारचौघांत ठामपणे बोलणं वाढतं. गर्दीत रमणं तसं वाढत नाही, म्हातारपणी ते कमीच होतं. आमच्या चाचणीत दोन्ही एकाच अक्षरात कोंबलेले. त्याला पार्ट्या आजही नको असतात, पण बैठकीत तो आता गप्प बसत नाही.

हे मी रंगून सांगत होते. आवडता विषय. तो जुन्या कागदावर बोट ठेवून थांबला होता.

“आणि हे?”

आय. त्याच्याभोवती मी पेन्सिलीनं गोल काढला होता, दोनदा गिरवून. समासात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘एकट्यानं करायचं काम द्यावं.’ गोलात अक्षर होतं. शेजारचा आकडा गोलाच्या बाहेर राहिला होता. २.

आजचा ई, आकडा ४. म्हणजे त्या जोडीत हा माणूस चोवीस वर्षांत जेमतेम सहा घरं सरकला, तीही मधली रेघ ओलांडताना.

“म्हणजे तेव्हा एखाद-दोन प्रश्नांना वेगळी खूण केली असती तर?”

“तर ई आलं असतं.”

तो काही बोलला नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला की त्या वर्षी ग्राहकांकडे जायची एक जागा निघाली होती. साहेबांनी कागद पाहून म्हटलं, अरे, तू तर इंट्रोव्हर्ट, तुला कशाला त्रास. त्यालाही ते पटलं. कागद लॅमिनेट केला तो त्याच आठवड्यात, कारण आपण असे का आहोत हे पहिल्यांदाच कोणीतरी लिहून दिलं होतं. तेरा वर्षं तो आकडेमोडीच्या टेबलावर होता.

तेव्हा निकालाची एक प्रत साहेबांकडे जायची. जायला नको होती. मला प्रमाणपत्र मिळून तीन महिने झाले होते, आणि गोल काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. जाताना त्यानं कागद परत बॅगेत ठेवला आणि विचारलं, “माझ्या टीममध्ये चार पोरं नवीन आलीत, तेवीस-चोवीसची. त्यांची चाचणी लावू का?” मी म्हटलं, लावा, पण कागद त्यांचा त्यांनाच द्या, तुम्हीसुद्धा बघू नका. उत्तर बरोबरच होतं. तरी मला स्वतःलाच ते पळवाटेसारखं वाटलं.

माझ्या डोक्यात फिरतंय ते वेगळंच. स्वभाव वयानं निवतो, तसा जबाबदारी अंगावर पडल्यानंही. नोकरी, घर, माणसं सांभाळताना शिस्त येते असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि माझाही अनुभव तोच. टीम त्याच्या गळ्यात सदतिसाव्या वर्षी पडली. ती ग्राहकांची जागा चोविसाव्या वर्षी मिळाली असती, तर छातीतली धडधड तेव्हाच थांबली असती, की वाढली असती? एका माणसाची दोन आयुष्यं शेजारी ठेवून बघता येत नाहीत. गटाची सरासरी मला तोंडपाठ आहे, तिचा इथं काडीचा उपयोग नाही.

काल रात्री माळ्यावरून जुनी खोकी काढली. त्या बॅचच्या प्रती निघाल्या, १९ जणांच्या. शाई उडालीये, पेन्सिल मात्र जशीच्या तशी आहे. पहिल्या अक्षराशेजारचा आकडा पाचाच्या आत असलेले सात निघाले. सातही जणांच्या अक्षराभोवती गोल आहे.