गोंगदॉकची मावशी

काल ऑफिसच्या टीमबरोबर दक्षिण कोरियात, सोलच्या गोंगदॉकला जेवायला गेलो. मापो भागातलं हे ठिकाण कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मांसासाठी ओळखलं जातं. मी कोल्हापूरची, मटणावर वाढलेली. पोर्क पहिल्यांदा खाल्लं ते इथे आल्यावरच.

आत शिरलं की आधी आवाज अंगावर येतो. प्रत्येक टेबलाच्या मधोमध निखारे, वर जाळी, छतातून खाली ओढलेला धुराड्याचा नळ, आणि सगळे एकदम बोलत असतात. गोल स्टुलांवरची गादी उचलली की आत पोकळ जागा. कोट तिथे ठेवायचा, म्हणजे धुराचा वास लागत नाही. मला ही सोय फार आवडते.

आम्ही सामग्योप्साल मागवलं. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे थर, साल म्हणजे मांस; चरबी आणि मांसाचे थर एकावर एक असलेला पोटाकडचा भाग. लांब जाड पट्टी जाळीवर टाकायची, खालची बाजू तांबूस झाली की उलटायची आणि मग कात्रीने तुकडे करायचे. हो, कात्रीनेच! त्याच जाळीच्या कडेला लसूण आणि किमची, म्हणजे तिखट मसाल्यात आंबवलेला कोबी, भाजत ठेवतात. मांसाची चरबी पाघळून किमचीत उतरते आणि तिचा आंबटपणा मऊ होतो. मला विचाराल तर मांसापेक्षा तीच जास्त चांगली लागते.

इथे वाढणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. थेट मावशी! आपणही तसंच म्हणतो, म्हणून हा शब्द मला पहिल्या दिवसापासून परका वाटला नाही. तरी आठ महिने हाक मारायचं धाडस होत नव्हतं, उच्चार चुकेल म्हणून. बानचानच्या वाट्या, म्हणजे मुळ्याचं लोणचं, मोडाची भाजी वगैरे, संपल्या की पैसे न घेता पुन्हा भरून देतात, पण मी रिकाम्या वाटीकडे बघत बसायची.

काल मांस गुंडाळून खायची पानं संपली. सगळे बोलण्यात गुंतले होते. मी मोठ्याने म्हटलं, "इमो!"

त्या आल्या, साठीच्या असतील. माझ्या हातातली कात्री काढून घेतली, कारण मी तुकडे फारच मोठे कापत होते. भराभर कापले. मग लेट्यूसचं पान तळहातावर घेतलं, त्यावर क्केन्निपचं, म्हणजे पेरिला या सुवासिक रोपाचं, खरखरीत पान, स्सामजांग या सोयाबीनच्या तिखट चटणीत बुडवलेला तुकडा, भाजलेली लसूण, हिरव्या मिरचीची चकती. गाठोडं करून सरळ माझ्या तोंडासमोर धरलं. हा घास अर्धा तोडायचा नसतो, एकदम घ्यायचा. मी आ केला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. थोडं मिरचीचं, थोडं कोणीतरी इतक्या महिन्यांनी घास भरवला म्हणून.

त्यांनी काहीतरी विचारलं. शेजारच्या सहकारी मुलीने सांगितलं, "विचारतायत, जेवतेस ना नीट?"

कोटाला वास लागला नाही. केसांना मात्र लागलाय, आणि आज मी ते धुतले नाहीत.